नेव्हिलची करंडी आणि बासष्ट मैलांची गाडी

तुमच्या उंबरठ्यापासून पोरांच्या शाळेच्या फाटकापर्यंत किती अंतर आहे? "जवळच आहे" हे उत्तर नको, आकडा सांगा. नाही ना येत? बरं, आता हे सांगा, तुमची गाडी किती मायलेज देते? बघा, कसं फाडकन आलं तोंडातून. शेजाऱ्याच्या गाडीचंही सांगाल. आणि हा आकडा मोजलाय कोणी, तुम्ही? छे! कोणीतरी छापला, कोणीतरी वाचून दाखवला, आणि तुम्ही तो घरच्या देवासारखा जपून ठेवलात.

या छापील आकड्याची मला शिसारी आली आहे. का, ते नेव्हिल स्टॅनिफोर्थमुळे कळेल. नेव्हिल मूर्ख असता तर मी त्याच्यावर शाईही खर्च केली नसती. आमच्या अख्ख्या गल्लीत मोजमापाला त्याच्याइतका पक्का माणूस दुसरा नाही.

रॉदरहॅममध्ये माझ्या दारापासून चौथं दार त्याचं. पोलादाच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्रेन चालवली. तापलेली लगड केसभरही हेलकावू न देता खाली ठेवायचा. कारखाना बंद पडला, मग मागच्या परसात कबुतरं. ती साधीसुधी नव्हेत, शर्यतीची. फ्रान्समध्ये सोडायची आणि घरी किती वाजता पोचतात ते बघायचं. प्रत्येकाचं खुराडं वेगळ्या गल्लीत, म्हणून प्रत्येकाचं अंतर यार्डापर्यंत मोजून क्लबच्या वहीत लिहिलेलं असतं. अंतर भागिले वेळ, त्यावर जिंकणं-हरणं. क्लबात त्याची थट्टा चालायची, "नेव्हिलला बायकोचा वाढदिवस विचारा, दातखीळ बसेल. फ्रान्सपासूनचं अंतर विचारा." आणि तो थट्टा न समजता सांगायचा, "तीनशे अडुसष्ट मैल, नऊशे चार यार्ड."

त्याची मुलगी डॉना वृद्धाश्रमात पाळीने काम करते. तिची तीन मुलं आजी-आजोबांच्या पदरात. जुळे मुलगे पाच वर्षांचे, आणि थोरली कीली, आठ वर्षांची. कीलीला दमा. निळा पंप दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात, चुकूनही आतल्या नाही. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं, "हिला पोहायला न्या, आठवड्यातून दोनदा. छाती मोकळी होईल." तलाव पाच मैलांवर, दोन बस बदलून. थंडीत ओले केस घेऊन बस थांब्यावर उभं राहिलं की केलेलं सगळं पाण्यात. म्हणून दोन हजार बाराच्या वसंतात नेव्हिलच्या जुन्या गाडीचं मागचं दार गंजून हातात आलं, तेव्हा प्रश्न नुसता गाडीचा नव्हता. कीलीच्या श्वासाचा होता. हे नेव्हिलला पुरतं ठाऊक होतं. म्हणूनच त्याने गाडी निवडायला दोन महिने घेतले.

गाडी इस्टेटच हवी, म्हणजे मागे लांब डिकीची. मागच्या बाकावर तीन पोरं, डिकीत कबुतरांची करंडी. वेताची, चार फुटी, वडलांची. नेव्हिल ती रिकामी करंडी काखोटीला मारून शोरूम फिरायला लागला. फूटपट्टी नाही, टेप नाही, करंडी. विक्रेता चकचकीत गाडीचं दार उघडून "या सर" म्हणायच्या आत हा मागे जाऊन करंडी ढकलून बघायचा. पहिल्या ठिकाणी दार मिटेना. दुसऱ्या ठिकाणी मिटलं, पण करंडीचा कान मोडता मोडता वाचला. मॅव्हिस, त्याची बायको, बाजूला छत्रीवर हात ठेवून उभी.

"अरे, लोक बघतायत," ती म्हणायची.

"बघू देत. त्यांनी कधी नीट गाडी घेतली नाही, शिकतील."

तिसऱ्या शोरूममध्ये ट्रिस्टन नावाचा विक्रेता भेटला. केसाला तेलाची चमक, बुटाला त्याहून जास्त.

"ही डिझेल बघा सर. एका गॅलनात बासष्ट मैल! आणि रोड टॅक्स वर्षाला अवघा तीस पौंड. सरकार स्वतः सांगतंय, स्वच्छ गाडी."

"थांब राजा. आधी करंडी."

करंडी आत गेली. दार खाली आलं. खट्.

"मिटलं! मॅव्हिस, बघ, मिटलं!"

"पोरं कुठे बसणार तेही बघ. का तीही करंडीत?"

नेव्हिलने मग बाक मोजले, पट्टे ओढून बघितले, जुळ्यांच्या बुटांनी खुर्ची मळली तर पुसता येते का ते विचारलं, जास्तीचं चाक कुठे आहे ते वाकून पाहिलं. मॅव्हिसने मोजले, एकोणीस प्रश्न. ट्रिस्टनने पूर्ण दुपारभरात एकच विचारला.

"काळी की चंदेरी, सर?"

रोज किती चालवता, कुठे चालवता, हे विचारायला जीभ रेटली नाही त्याची. का रेटेल? विचारलं असतं तर विक्री बुडाली असती. चंदेरी गाडी दारात आली, मॅव्हिसने पाय आणि वाटाण्याची उसळ केली. पाय म्हणजे आमच्याकडचा मांसाचा झाकणबंद कणकेचा पदार्थ. गल्लीला बोलावलं. मीही खाल्लं. नेव्हिलने मला पाचदा ऐकवलं, "बासष्ट, बरं का बाई. तुझ्या चळवळीला शोभेल अशी गाडी आणलीय."

मी काय करते, तर दिव्याच्या खांबांना बोटाएवढ्या नळ्या बांधते आणि महिन्याने काढून प्रयोगशाळेत पाठवते. हवेत काय आहे ते कळतं. मला कोणी शिकवलं नाही, ग्रंथालयात बसून शिकले. शाळेच्या फाटकासमोरच्या खांबाची नळी दर महिन्याला सगळ्यात वाईट येते. तरी त्या दिवशी मीही म्हटलं, छान गाडी आहे. माझी जीभ झडायला हवी होती.

तीन महिन्यांनी गाडीत नारिंगी दिवा पेटला. नेव्हिल शोरूमच्या दुरुस्ती विभागात गेला. तिथला माणूस जांभई देत म्हणाला, "काही नाही, धूर गाळायची जाळी भरलीय. मोटरवेवर अर्धा तास जोरात पळवा. आतली काजळी आपोआप जळून जाईल."

"अर्धा तास? कुठे जाऊ?"

"कुठेही. नुसती पळवा."

ऐकलंत? इंधन वाचवणारी गाडी धड राहावी म्हणून तिला रिकामं पळवायचं. रोग रेड्याला आणि डाग पखालीला!

मग रविवारचा नेमच झाला. मॅव्हिस मांसाचा तुकडा ओव्हनमध्ये ढकलायची, नेव्हिल तिन्ही पोरांना मागे कोंबायचा आणि मोटरवेने लीड्सच्या दिशेने वीस मैल जाऊन वीस मैल परत. वाटेत थांबायचं नाही, थांबलं की जळणं मोडतं. जुळ्यांना लघवी लागली तरी नाही. मी एकदा दारातून विचारलं, "कुठे निघाली वरात?"

"कुठेच नाही," मॅव्हिस स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली. "धुराड्याला आंघोळ घालायला!"

नेव्हिल हसला नाही. बासष्टचे अडतीस झाले होते. हे तो कोणाला सांगत नव्हता. मॅव्हिसने सांगितलं.

नोव्हेंबर आला. सकाळी पावणेनऊला मी शाळेसमोरच्या खांबाची नळी बदलत होते. रस्त्यावर नेहमीची रांग, एकामागे एक लांब गाड्या, सगळ्यांची इंजिनं चालू, आत आया फोनवर. त्या रांगेत चंदेरी गाडी. जुळे उतरून पळाले होते. गाडीचा पंखा भट्टीसारखा घोंघावत होता आणि तापलेल्या तव्यावर प्लास्टिक पडावं तसा वास. मी काचेवर टकटक केली.

"नेव्हिल, बंद कर."

"नाही करता येत."

"किल्ली हातात आहे की!"

"बाई, आत काजळी जाळणं आपोआप चालू झालंय. मध्येच बंद केली की जाळी तुंबते. पुस्तकात लिहिलंय."

"आणि ही पोरं कुठल्या पुस्तकात आहेत?"

"सहा मिनिटं! सहा मिनिटांनी कोण मरतंय का?"

"तुला आकडे पाठ ना? खांबावरच्या नळीचा आकडा सांगू?"

"तू आणि तुझ्या नळ्या! माझी गाडी स्वच्छ आहे. सरकारचा कागद आहे माझ्याकडे!"

आमचं हे चाललेलं असताना कीली डब्याची पिशवी राहिली म्हणून परत आली होती. गाडीला मागून वळसा घालून. ती मागच्या चाकाशी वाकून उभी होती, हात गुडघ्यांवर, खांदे वर-खाली. मीच दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यातून पंप काढला. दोन फवारे, मग आणखी दोन. नेव्हिल खाली उतरला होता आणि क्रेनवाल्याचा तो हात तिच्या पाठीवर नुसता ठेवून उभा होता.

श्वास जरा लागला तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, हा घाण वास आपल्या गाडीचा आहे?"

नेव्हिलने किल्ली फिरवली.

पुस्तकात लिहिलं होतं तसंच झालं. जाळी तुंबली. गाडी चाळिसाच्या वर जाईना, दिवा लाल झाला. बुधवारचं पोहणं बुडालं, शनिवारचंही. कीली रात्री बसून झोपायला लागली. तो पुन्हा शोरूममध्ये गेला.

"तुमची वापरायची पद्धत चुकतेय, सर," दुरुस्तीवाला म्हणाला. "ही गाडी छोट्या फेऱ्यांसाठी नाही. पुस्तकात आहे, पान दोनशे चौदा."

"विकताना हे पान कुठे गेलं होतं?"

"विक्री विभाग वेगळा आहे, सर."

मी या वाक्यावर थुंकते. माणसाने बनवलेल्या सगळ्या वाक्यांत हे सर्वांत घाणेरडं आहे. एका छपराखाली, एका कॉफीच्या यंत्राभोवती बसतात आणि विभाग वेगळा!

मग नेव्हिल गेला गुलफामकडे. पुलाखाली त्याचं गॅरेज. काश्मीरमधल्या मीरपूरहून आलेल्या बापाचा मुलगा, जन्म इथलाच, आणि त्याच्या हाताला खोटं माहीत नाही. तोंडाचं मात्र सांगवत नाही.

"चाचा, सगळे करतात तेच करू," गुलफाम म्हणाला. "डबा खाली घेतो, आतली जाळी फोडून काढून टाकतो, परत वेल्डिंग. बाहेरून कळत नाही. वार्षिक तपासणीवाले आत बघतच नाहीत. दिवा गेला, कटकट गेली."

"कायद्यात बसतं?"

"करंडी बसली ना डिकीत? मग बाकीचंही बसवून घ्यायचं."

"आणि धूर?"

"धूर मागे जातो, चाचा. तुम्ही पुढे बसता."

नेव्हिलने मान डोलावली. हो, डोलावली. त्याने स्वतः मला सांगितलं, लपवलं नाही. कीलीला शनिवारी पाण्यात उतरवायचं होतं, बाकी त्याला काही दिसत नव्हतं. गुलफामने गाडी वर चढवली, डबा सोडवला, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि डबा उलटा करून हातोडीने ठोकला. काळी भुकटी पडली. पिठासारखी मऊ, पडतानाही आवाज नाही.

नेव्हिल वाकला. चिमटीत घेऊन चोळली. बोटांच्या रेषांत ती जाऊन बसली.

"हे माहीत आहे मला," तो म्हणाला. "माझा बाप भट्टीवर होता. त्याच्या रुमालात हेच असायचं. आई रोज उकळत्या पाण्यात धुवायची. बावन्नाव्या वर्षी गेला."

गुलफामने हातोडी खाली ठेवली. मग हात पुसत विचारलं, "चाचा, एक सांगा. घर ते शाळा किती आहे?"

"जवळच आहे."

"म्हणजे किती?"

तीनशे अडुसष्ट मैल नऊशे चार यार्डवाला माणूस तोंड उघडून उभा राहिला. कबुतराचा प्रत्येक यार्ड त्याच्याकडे लिहिलेला होता. नातीचा एकही नव्हता.

"जाळी फोडू नकोस," नेव्हिल शेवटी म्हणाला. "साफ कर आणि बसव."

"चार महिन्यांत परत याल."

"नाही येणार."

"बरं केलंत," गुलफाम हळूच म्हणाला. "माझा लेक त्याच शाळेत आहे." स्वतःच पुढे म्हणाला, "आणि मी दर आठवड्याला दोन जाळ्या फोडतो." नेव्हिलने ती भुकटी टॉफीच्या रिकाम्या डब्यात भरून घेतली.

दुसऱ्या दिवशी भाड्याने भाजीचे वाफे मोजून देणाऱ्या समितीकडून त्याने मोजायचं चाक आणलं, दांडीला लावलेलं, दर यार्डाला टक् वाजणारं. उंबरठ्यावर ठेवलं आणि निघाला. जुळे चाकासाठी मारामारी करत होते, कीली टक् टक् मोजत होती. चढावर दोनदा थांबली. पण थांबून, पंप न घेता, परत चालली. फाटकाशी येऊन नेव्हिलने कबुतरांच्या वहीत, फ्रान्सच्या खाली, लिहिलं: शाळा, एक मैल चारशे बारा यार्ड.

गाडीचं इंजिन पुरतं तापायच्या आत संपणारा रस्ता. आणि त्यासाठी बासष्ट मैलांची गाडी.

शनिवारी तो शोरूममध्ये गेला, टॉफीचा डबा घेऊन. मी बरोबर होते, कारण भांडायचं होतं. मला संधीच मिळाली नाही.

"सर!" ट्रिस्टन उठला. "ही परत घेतो की आम्ही. आता नवीन आलीय बघा, सहासष्ट मैल!"

नेव्हिलने त्याच्या पांढऱ्याशुभ्र माहितीपत्रकावर डबा ठेवला आणि झाकण काढलं. "हे पण छापा यात."

शेजारच्या टेबलाशी एक बाई मांडीवर बाळ आणि बाजूला शाळकरी पोरगी घेऊन तीच गाडी बघत होती. नेव्हिल तिच्याकडे वळला. "पोरी, शाळा किती लांब आहे गं तुमची?"

"जवळच आहे," ती हसून म्हणाली.

व्यवस्थापक येऊन म्हणाला, साहेब, कृपया बाहेर या. आम्ही आलो. ती बाई आतच होती. काळी की चंदेरी, हा प्रश्न मला दार लागता लागता ऐकू आला.

चंदेरी गाडी मॅव्हिसच्या भावाने घेतली. क्लिफर्ड. तो रोज हल शहराच्या बंदरावर कामाला जातो, साठ मैल जाऊन साठ मैल परत. त्याला ती अठ्ठावन्न देते आणि दिवा कधी पेटलेला नाही. गाडी वाईट नव्हती. चुकीच्या दारात बांधली होती, आणि बांधणाऱ्या विक्रेत्याला ते माहीत होतं, हाच माझा सगळा संताप. नेव्हिलने क्लबच्या फळ्यावरची चिठ्ठी बघून अकरा वर्षं जुनी पेट्रोलची इस्टेट घेतली. अर्थात करंडी घालून बघितली. एक बोट जागा उरली. कागदावर चौतीस मैल, देते तेहतीस. तो म्हणतो, "एवढं कमी खोटं माझ्याशी आजवर कुठल्या गाडीने बोललं नाही." ती बुधवारी आणि शनिवारी तलावावर जाते, आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी क्लबात. शाळेत जात नाही. शाळेत ते चौघं चालत जातात, नेव्हिलचा गुडघा कुरकुरतो, तरी.

कीली आता रात्री आडवी झोपते. पूर्ण बरी झाली म्हणून मी तुम्हाला गोड शेवट देणार नाही. फाटकाशी पोचलं की अजून खोकते, कारण रांग तशीच आहे. एक चंदेरी गेली आणि तिच्या जागी एक काळी आली. मार्चमधल्या नळीचा आकडा आदल्या मार्चपेक्षा कणभरही कमी नाही. त्यामुळे नेव्हिल हल्ली पोरांना सोडल्यावर घरी जात नाही. ते चाक घेऊन फाटकाशी उभा राहतो, चालू इंजिनाच्या काचेवर टकटक करतो आणि एकच विचारतो, "राजा, घर किती लांब?" काही जण शिव्या देतात. काही काच वर घेतात. गेल्या महिन्यात तिघांनी चाक मागून नेलं.

तुम्ही रॉदरहॅमला येऊ नका. उद्या सकाळी तुमच्या उंबरठ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत पायी जा, अंतर मोजा आणि कागदावर लिहा. गाडी घ्यायला जाल तेव्हा तो कागद विक्रेत्याच्या छापील आकड्यावर ठेवा. आणि तोपर्यंत, फाटकाशी उभे असाल तर, ती किल्ली फिरवा.